लहान पट्ट्यांची मोठी तुळई: नाशिकच्या घराला ग्लूलॅमचे खांब आणि तुळया बसवताना

जुन्या नाशकात, सराफ बाजारामागच्या गल्ल्यांत किंवा पंचवटीत, एखादा वाडा उतरवत असतील तर पाच मिनिटं थांबून बघा. भिंतींची माती विरघळलेली, पाटणीच्या फळ्यांना भोकं पडलेली, पण मधल्या खणांवरच्या सागवानी तुळया अजून सरळसोट. कुजलेल्या सापडतात त्या दोनच ठिकाणी: भिंतीत गाडलेल्या टोकांशी आणि पन्हळ गळत होती तिच्या खाली. खांबांचंही तसंच. दगडी तळखड्यावर उभा असलेला खांब शंभर वर्षांनी ठणठणीत निघतो. नंतर कुणीतरी फरशी उंच करून ज्याचा पाय सिमेंटात बुडवला, तो खालून भुसा झालेला असतो.

हे आधी सांगायचं कारण, ग्लूलॅमसारखं, म्हणजे फळ्या एकमेकींना चिकटवून केलेलं, ‘इंजिनिअर्ड लाकूड’ म्हटलं की लोकांना वाटतं कारखान्यातून आलंय म्हणजे आता पाण्याची फिकीर नाही. तसं नसतं. कारखान्याने एकच अडचण सोडवली आहे: मोठं झाड नसताना मोठी तुळई कशी करायची. लाकडाला पाण्यापासून लांब ठेवण्याचं काम वाड्याच्या सुताराचं होतं तसं आजही आपलंच आहे.

आधी वस्तू नीट ओळखा

दहा इंच उंचीची एकसंध सागवानी तुळई काढायला साठ-सत्तर वर्षांचं झाड लागतं. ग्लूलॅममध्ये लहान झाडांच्या फळ्या वाळवून, गाठी आणि चिरा कापून टाकून, तुकडे बोटांसारख्या दातेरी सांध्याने लांबीत जोडतात. मग त्या पट्ट्या एकावर एक, लाकडाच्या रेषा एकाच दिशेने ठेवून, मोठ्या दाबाखाली चिकटवतात. जर्मनीत ऑटो हेट्झरने १९०६ मध्ये याचं पेटंट घेतलं, म्हणजे कल्पना सव्वाशे वर्षांच्या घरात आलेली. कठीण लाकडासाठी पट्टी साधारण २० ते २५ मि.मी. जाडीची ठेवतात, कारण जाड पट्टी वाळताना पीळ खाते आणि डिंकाच्या रेषेला ओढते. २५० मि.मी.ची तुळई म्हणजे २५ मि.मी.च्या दहा पट्ट्या. एका पट्टीत दोष असला तरी शेजारच्या नऊ सांभाळून घेतात, म्हणून तिच्या ताकदीचा भरवसा एकसंध लाकडापेक्षा जास्त धरता येतो.

दुसरा प्रकार एलव्हीएल. यात पट्ट्यांऐवजी सोललेले पातळ पापुद्रे असतात, साधारण ३ मि.मी.चे. प्लायवूडमध्ये थर आडवे-उभे असतात, एलव्हीएलमध्ये सगळे एकाच दिशेने. त्यासाठी भारतीय मानक आयएस १४६१६ आहे. आपल्याकडे मिळणारं बरंचसं एलव्हीएल दाराच्या चौकटीसाठी बनवलेलं असतं. ते वाईट नसतं, पण विकणाऱ्याकडे वाकण्याच्या ताकदीचे आकडे नसतील तर ते तुळईसाठी घेऊ नका.

दुकानात मात्र ‘इंजिनिअर्ड वूड’ मागितलंत तर समोर एमडीएफ नाहीतर पार्टिकल बोर्ड येईल. थोडा जाणकार दुकानदार असेल तर रबरवूडचा जोडफळीचा बोर्ड दाखवेल. दातेरी सांधे दिसतात, रंग सुंदर असतो, आणि इथेच माणूस फसतो. तो बोर्ड फर्निचरचा. त्यात बहुधा पांढरा सुतारकामाचा डिंक असतो, आणि हा डिंक कायमच्या वजनाखाली हळूहळू सरकतो. टेबलाला चालतं, छपराला नाही. दोन-तीन बोर्ड एकमेकांवर चिकटवून ‘करून देतो तुळई’ म्हणणारे मिस्त्री मला भेटले आहेत. हात जोडून नको म्हणायचं.

लाकूड कुठलं, आणि कुणाच्या बांधावरचं

कठीण लाकडात आपल्याकडे विचार करण्यासारखे पर्याय तीन. सागवान: कमी आकसतं, वाळवीला बऱ्यापैकी दाद देत नाही, आणि विरळणीत निघालेल्या बारीक झाडांच्या पट्ट्याही वापरता येतात. नुसत्या सागात ज्या मालाला भाव नव्हता त्याला इथे काम मिळतं, ही माझ्या मते ग्लूलॅमची सगळ्यात चांगली बाजू. पण लहान वयाच्या सागात पांढरा भाग जास्त असतो आणि तो भाग जुन्या सागासारखा टिकत नाही, तेव्हा ‘साग आहे’ एवढ्यावर विसंबू नका. दुसरं निलगिरी: शेतात वाढवलेलं, लवकर तयार होणारं, ताकदीला भक्कम. मात्र वाळवताना फार चिरतं, म्हणून चांगल्या भट्टीत सावकाश वाळवलेलंच हवं. तिसरं रबरवूड, केरळातल्या रबराच्या मळ्यांतलं, चीक आटलेली झाडं तोडून मिळणारं. मुळात टाकाऊ म्हणून जळणात जाणारं लाकूड, त्यामुळे पर्यावरणाच्या हिशेबात बरं. पण कीड आणि बुरशीला ते फार लवकर बळी पडतं. बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया केलेलं असेल तर घराच्या आत ठीक, पडवीत नाही.

लाकूड जंगल जपून काढल्याचा दावा कागदावर तपासा. एफएससी किंवा पीईएफसी या प्रमाणपत्र संस्थांचा शिक्का असेल तर बिलावर त्या विक्रेत्याचा साखळी क्रमांक (माल कुठून कुठे गेला त्या साखळीतला नोंदणी क्रमांक) असतो. तो त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. कारखान्याकडे प्रमाणपत्र आहे पण तुमच्या मालाच्या बिलावर त्याचा उल्लेखच नाही, असंही होतं. तेव्हा तो माल प्रमाणित धरायचा नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय वन व काष्ठ प्रमाणीकरण योजनाही आणली आहे. परदेशी सागाबद्दल विचारताना देश विचारा, ‘इम्पोर्टेड’ हे उत्तर नव्हे. म्यानमारने २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केलेली आहे, त्यामुळे कुणी ताजा ‘बर्मा टीक’ ओंडका म्हणून सांगितलं तर भुवई उंचवायला हरकत नाही. स्वतःच्या शेतातला साग वापरायचा असेल, पेठ-सुरगाण्याकडच्या बऱ्याच जणांकडे असतो, तर तोडीची आणि वाहतुकीची वनखात्याची परवानगी आधी काढा. कुऱ्हाड नंतर.

आणि सरकारी कामात लाकूड चालत नाही, हा समजही जुना झाला. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ ची बंदी २०२० मध्ये उठवली.

डिंकाची परीक्षा

आमच्या मिस्त्रींनी पहिल्यांदा ग्लूलॅमचा नमुना हातात घेतला आणि विचारलं, “साहेब, डिंकावर घर उभं करायचं का आपण?” प्रश्न रास्त होता. उत्तर डिंकाच्या जातीवर अवलंबून आहे. फिनॉल-रिसॉर्सिनॉल डिंक सगळ्यात भरवशाचा, त्याची रेषा काळपट तांबडी दिसते. मेलामाइन-युरिया आणि एकघटकी पॉलियुरेथेनची रेषा जवळपास दिसत नाही, छताखाली तेही चालतात. नुसता युरियाचा किंवा पांढरा डिंक वजन घेणाऱ्या तुळईत नको. बाहेरच्या हवेतल्या जोडलाकडाच्या डिंकासाठी आयएस ९१८८ आहे. कोटेशनमध्ये डिंकाचं नाव आणि मानक लिहून मागा. लिहून द्यायला का-कू करणाऱ्याकडून घेऊ नका.

माल ठरवण्याआधी कापून उरलेला हातभर तुकडा मागवा. त्यातला तीन-चार इंच घेऊन चार तास पाण्यात उकळा, मग सावलीत आठवडाभर वाळू द्या. डिंकाच्या रेषेत ब्लेडचं पातं शिरतंय का बघा. दुसऱ्या तुकड्यात डिंकाच्या रेषेवरच पटाशी ठोका. फुटताना लाकूड फाटून निघालं तर जोड चांगला. रेषेवरून गुळगुळीत सुटलं तर तो माल परत. ही घरगुती परीक्षा आहे, प्रयोगशाळेच्या अहवालाची जागा ती घेत नाही, पण खोटा माल ती बहुतेकदा पकडते. मिस्त्रींनी पटाशी मारली, लाकूड फाटलं, आणि त्यानंतर डिंकाचा विषय त्यांनी काढला नाही.

माप कसं ठरतं

अंतिम मापं स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच काढायची, आयएस ८८३ प्रमाणे, आणि परवानगीच्या नकाशाला त्यांची सही लागतेच. पण कोटेशन वाचायला हिशेब साधारण कळलेला बरा. समजा नाशिकजवळच्या गिरणारे गावात शेतावरच्या घराला पडवी आहे. तुळईचा गाळा (दोन टेकूंमधलं अंतर) ४ मीटर, दोन तुळयांत अंतर २.४ मीटर, वर मंगलोरी कौलं, उतार २५ अंश.

कौलं, रिपा, वासे आणि पावसात कौल पितं ते पाणी मिळून उताराच्या चौरस मीटरला ८५ किलो धरू. जमिनीवरच्या मापात ते ९४ होतं. वर चढणाऱ्या माणसाचं वगैरे वजन, या उताराला ४५ किलो. एकूण १४० च्या आसपास. २.४ मीटर रुंदीचा पट्टा म्हणजे तुळईच्या दर मीटरला सुमारे ३३५ किलो, तिचं स्वतःचं वजन धरून ३५० म्हणा. १०० बाय २५० मि.मी.ची तुळई घेतली तर लाकडावर चौरस मि.मी.ला पावणेसात न्यूटनच्या आसपास ताण येतो, चांगल्या कठीण लाकडाला हे झेपतं. पण खरी परीक्षा ताकदीची नसून झोळ पडण्याची असते. हीच तुळई लगेच सुमारे ९ मि.मी. वाकेल, आणि लाकूड कायमच्या वजनाखाली वर्षानुवर्षं थोडं थोडं सरकत असल्यामुळे पुढे १५ पर्यंत जाईल. गाळ्याचा २४० वा भाग, म्हणजे साडेसोळा मि.मी., ही साधारण मर्यादा. बसते, पण जेमतेम. २०० मि.मी. उंचीत भागवू म्हणणाऱ्याला हे सांगा की उंची वीस टक्क्यांनी कमी केली की वाक जवळपास दुप्पट होतो. रुंदी वाढवून तो भरून काढायचा तर रुंदी जवळपास दुप्पट करावी लागते. उंची हीच तुळईची ताकद.

ही एक तुळई ०.१ घनमीटर, म्हणजे साडेतीन घनफूट, आणि वजन सत्तर किलोच्या घरात. चार माणसं आणि दोन सुतारी घोडे (लाकूड टेकवायच्या तिवया) असले की क्रेन लागत नाही. बाजार अजून घनफुटावर चालतो, तेव्हा भाव रंधा मारलेल्या मापाचा की कच्च्या मापाचा हे विचारा. फरक दहा-पंधरा टक्क्यांचा सहज पडतो.

खांबाची गंमत उलटी. मधल्या खांबावर दोन तुळयांचे मिळून १४०० किलो येतात. १२५ बाय १२५ चा, नऊ फुटी खांब त्याहून कितीतरी जास्त घेतो. मग एवढा जाड कशाला? बोल्टला जागा हवी, सांध्याला अंग हवं, आणि पडवीच्या खांबाला कुणी ना कुणी ट्रॅक्टरची ट्रॉली लावतंच. शिवाय वारा. नाशिकला मूळ वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरतात, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. एवढ्या वाऱ्यात उघड्या पडवीचं छप्पर चौरस मीटरला नव्वदएक किलोने वर उचललं जाऊ शकतं. कौलांचं वजन त्याला कसंबसं पुरतं. कौलांऐवजी पत्रा टाकलात तर त्याच खांबाला वरून दाब नाही, वर ओढ आहे, आठ-नऊशे किलोची. पत्र्याच्या पडव्या वादळात कोसळत नाहीत, उडतात. म्हणून पत्रा असेल तर खांब पायाशी आणि तुळई खांबाशी बांधलेली हवी, नुसती टेकवलेली नको. भूकंपासाठी आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिक तिसऱ्या विभागात आहे. लाकडाचं वजन कमी असल्याने घर त्यात बरं वागतं, सांधे सुटले नाहीत तर.

सांधे

इथे घाई नको. नव्वद टक्के बिघाड मी सांध्यात पाहिले आहेत, तुळईच्या मध्यात एकही नाही.

आपल्या सुतारांची सवय कुसू-खाचेची, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवायची. ती कला मोठी आहे, पण तुळईच्या टोकाला खालून खाच पाडून तिला खांबावर बसवणं ग्लूलॅममध्ये घात करतं. खाचेच्या कोपऱ्यातून लाकडाच्या रेषेला समांतर चीर निघते आणि ती थांबत नाही. तुळई पूर्ण उंचीनिशी टेकू द्या. खांबाच्या डोक्यात मधोमध उभी खाच, त्यात ८ मि.मी.ची पोलादी पाटी, आणि दोन्हीतून आरपार १२ मि.मी.चे बोल्ट, हा सगळ्यात स्वच्छ सांधा. पाटी लाकडात लपते, दिसायला छान आणि आगीतही बरी, कारण उघडं पोलाद आधी तापून वाकतं. बोल्ट टोकापासून निदान ९० मि.मी. आत, कडेपासून ५० आत. बोल्टखाली मोठी चौकोनी वॉशर, नाहीतर लाकूड दबून बोल्ट सैल होतो.

तुळईच्या उंचीत वरचा आणि खालचा बोल्ट एकमेकांपासून फार लांब ठेवू नका. लाकूड ऋतूप्रमाणे आडवं फुगतं-आकसतं. नाशिकचा मे महिना कोरडा ठाक आणि जुलै-ऑगस्ट ओला. चार टक्के ओल कमी झाली तर २५० मि.मी.ची तुळई उंचीत अडीच मि.मी.ने आकसते. वरचा आणि खालचा बोल्ट घट्ट धरून बसले तर मधलं लाकूड चिरतं. एका बोल्टचं भोक पाटीत उभं लांबट ठेवलं की प्रश्न मिटतो. निलगिरीसारख्या तुरट लाकडात साध्या लोखंडाचे काळे डाग उतरतात, म्हणून बोल्ट गरम जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस. आणि काहीही टांगायचं, झोपाळा विशेषतः, ते तुळईच्या खालच्या पट्टीला नाही. आरपार बोल्ट घेऊन वरच्या अर्ध्यात धरा. झोपाळ्याचं वजन इंजिनिअरला आधी सांगा. ते नेहमी शेवटी आठवतं.

पाया, तळखडा आणि वाळवी

गंगापूर, मखमलाबाद, आडगावकडे काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खांबाचा पाया मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली न्यायचा. कौलं नाहीत, वजन कमी, म्हणून पाया उथळ चालेल, असं इथे चालत नाही. दोन खांब वेगवेगळे उचलले गेले तर तुळई नाही, सांधा बोलतो.

खांबाचं लाकूड जमिनीपासून किमान ६ इंच वर. काँक्रीटमधून आलेली पोलादी बैठक, तिच्यावर खांब, आणि खांबाच्या तळाला दोन बोटं तरी मोकळी फट, म्हणजे पाणी साचणार नाही. मला स्वतःला काळ्या दगडाचा तळखडा आवडतो. त्याच्या मध्यात भोक पाडून पोलादी दांडा वर घेतला तर जुनं रूपही राहतं आणि वाऱ्याची ओढही धरली जाते. त्याचा माथा बाहेरच्या बाजूला किंचित उतरता घडवून घ्या. वाळवीसाठी पायाच्या मातीवर आयएस ६३१३ प्रमाणे प्रक्रिया करून घ्या, आणि ती सहा इंचांची बैठक उघडी ठेवा. वाळवी मातीची नळी बांधत वर चढते, बैठक उघडी असेल तर ती दिसते. शोभेसाठी तिथे लाकडी डबी करून झाकणाऱ्यांना पुढे वाळवी दिसते ती थेट कौलाजवळ.

तुळईचं टोक भिंतीत घालायचं असेल तर खाली ओल-रोधक पट्टी आणि टोकाला व दोन्ही बाजूंना बोटभर हवा. गवंडी मायेने ती फट गिलाव्याने भरून टाकतो. समोर उभं राहून थांबवा.

माल केव्हा आणायचा

माझी चूक सांगतो. एका शेतघराच्या तुळया जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आल्या. पाऊस येणार म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या तशाच पंधरा दिवस शेडमध्ये ठेवल्या. उघडल्या तेव्हा आतून घाम सुटलेला आणि अंगावर काळे-हिरवे ठिपके. लाकूड वाया गेलं नाही, पण घासायला चार माणसं आणि तीन दिवस गेले. तेव्हापासून माल दिवाळीनंतर मागवतो, उभारणी फेब्रुवारीत, कौलं एप्रिलपर्यंत वर. आल्या आल्या प्लास्टिक खालच्या बाजूने फाडायचं, जमिनीपासून फूटभर वर सपाट ओंडक्यांवर रचायचं, मध्ये रिपा घालून हवा खेळवायची. ओल मोजायचं टोचणीचं मीटर ठेवा. १० ते १२ टक्के आलं तर उत्तम, १५ च्या वर असेल तर थांबा. इगतपुरी-त्र्यंबककडे बांधत असाल तर हा सगळा हिशेब आणखी कडक, तिथला पाऊस नाशिक शहराच्या कित्येक पट आहे.

तुळईवर ‘वर’ अशी खूण असते. चांगल्या पट्ट्या वर-खाली आणि साध्या मध्ये ठेवलेल्या असतात, शिवाय कधी थोडा उलटा बाक दिलेला असतो. उलटी बसवली तर तो बाक झोळात जातो. हे हास्यास्पद वाटेल, पण होतं.

टोकं, तेल आणि मे महिना

पाणी लाकडात अंगातून कमी आणि टोकातून जास्त शिरतं. प्रत्येक कापलेलं टोक, प्रत्येक पाडलेलं भोक त्याच दिवशी जाड थराने बंद करा, इपॉक्सी किंवा मेण. बाहेर डोकावणाऱ्या तुळयांच्या टोकांवर पत्र्याची छोटी टोपी घाला. पागोळी अडीच फूट तरी बाहेर असू द्या, एवढं केलं की निम्मी देखभाल संपली. उघड्या लाकडाला चकचकीत वॉर्निश नको, ते पश्चिमेच्या उन्हात दोन वर्षांत सोलतं आणि मग सगळं खरवडावं लागतं. रंगद्रव्य असलेलं मुरणारं तेल घ्या, पश्चिमेला दर दोन वर्षांनी एक हात, बाकी बाजूंना चार वर्षांनी.

आगीची भीती सगळे विचारतात. जाड कठीण लाकूड मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मि.मी. जळतं आणि कोळशाचा थर आतल्या लाकडाला जपतो. अर्ध्या तासासाठी प्रत्येक उघड्या बाजूला तेवढं जादा लाकूड धरून इंजिनिअर माप काढू शकतो. आधी सांगा मात्र.

पहिल्या उन्हाळ्यात तुळयांवर केसासारख्या भेगा दिसतील. पट्टीच्या अंगात, तिरप्या-वेड्यावाकड्या असतील तर ते लाकडाचं वाळणं आहे, सोडून द्या. डिंकाच्या रेषेवरून सरळ धावणारी आणि पातं आत जाणारी असेल तर फोटो काढा, लांबी-खोली लिहून ठेवा आणि पुरवठादाराला व इंजिनिअरला त्याच आठवड्यात दाखवा. मे संपायच्या आत पाना घेऊन एक फेरी मारा. सगळे बोल्ट अर्धा-एक आटा घेतात. दुसऱ्या वर्षी पुन्हा, मग लाकूड स्थिरावतं. आणि मृगाच्या पहिल्या जोराच्या सरीत छत्री घेऊन पडवीला बाहेरून एक चक्कर मारा: कुठल्या खांबाच्या पायावर पाणी उडतंय, कुठल्या टोकावरून थेंब ओघळतोय, तिथे खडूने खूण करून ठेवा.